फक्त चोळायचं नाही

माझ्या लग्नाच्या वेळी काही आठवडे माझ्या उजव्या तळहातावर देवाचं नाव होतं. गोंदलेलं नव्हे, मेंदीचं. ते पुसायचं नव्हतं, चोळायचं नव्हतं, त्याला साबण दाखवायचा नव्हता आणि ते उघडं घेऊन बाथरूममध्ये जायचं नव्हतं. ज्यांना उजवा हात आहे त्यांनी एकदा विचार करून बघावा, की या गोष्टी न करता दिवसाचा किती भाग काढता येतो. मी काढलाय. नवरी असताना काढलाय, अंगावर दागिने घालून.

आधी आमची ओळख करून देते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. कोकणातून निघालेलं आमचं घराणं ठाण्यात स्थिरावलं आणि त्यातले माझे बाबा रेल्वेच्या नोकरीपायी हैदराबादेत येऊन तारनाक्याला रुजले ते रुजलेच. निवृत्त झाले तरी हलले नाहीत. या शहरात आमचं सिनेगॉग नाही. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आमच्या घरात एक होता. शेजारीपाजारी आम्हाला कधी ख्रिश्चन समजत, कधी पारशी, आणि एका आंटींनी तर वर्षानुवर्षं आम्हाला कांदा-लसूण नसलेला फराळ पाठवला, कारण आम्ही जैन आहोत असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. फराळ उत्तम असल्यामुळे आम्ही कधी खुलासा केला नाही.

बघायला समाज नसला की माणूस जरा सैल पडेल असं वाटतं. बाबांचं उलट झालं. कोणी बघत नाही म्हणून ते स्वतःच स्वतःवर डोळा ठेवून असत. आमच्यात देवाचं नाव, म्हणजे हिब्रूतली ती चार अक्षरं, उच्चारत नाहीत, आणि एकदा लिहिली की पुसत नाहीत. ज्या कागदावर ती आहेत तो फाडायचा नाही, रद्दीत द्यायचा नाही. पुस्तक जीर्ण झालं की त्याला माणसासारखं मातीत पुरतात. नियम एवढाच आहे. बाबांनी त्याला स्वतःची शेपटं लावली होती. कपाटावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता आणि त्यात जुन्या प्रार्थनांची सुटी पानं, ठाण्याहून आलेल्या पत्रिका, कोणाकोणाची कॅलेंडरं असं सगळं पुरण्याच्या प्रतीक्षेत पडलेलं असे. लहानपणी बिस्किटांच्या आशेने मी तो डबा किती वेळा उघडला असेल!

मोबाईल आल्यावर तर विचारूच नका. नातेवाइकांनी पाठवलेल्या हिब्रू आशीर्वादांच्या चित्रांनी बाबांचा फोन गच्च भरला, फोटो निघेनासा झाला, पण ते एकही चित्र डिलीट करायला तयार नव्हते. पडद्यावरची अक्षरं ही खरी अक्षरं नसतात, नुसता उजेड असतो, ती गेली तर पाप नाही, असं मोठमोठ्या धर्मपंडितांनी सांगून ठेवलंय. हे मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"उजेड असेल," बाबा म्हणाले, "पण बोट माझं आहे ना."

मी त्यांना नवा फोन घेऊन दिला.

लग्नाच्या पत्रिकेचंही तसंच. नारायणगुड्याच्या छापखान्यात आम्ही दोघं गेलो. छापणारा गृहस्थ मोठ्या उत्साहाने नमुने काढून बसला. "साब, ऊपर क्या डालना?"

"काही नको," बाबा म्हणाले.

"कुछ भी नक्को? मेरे पास गणेशजी हैं, बालाजी हैं, बिस्मिल्ला है, क्रॉस है, जो बोले सो है."

"देवाचं नाव नको."

तो जरा मागे सरकला. "नास्तिकां की शादी है क्या?"

मग बाबांनी आपल्या रेल्वेच्या हिंदीत त्याला समजावलं, की पत्रिका लोक फेकून देतात, तिच्यावर पाय पडतात, म्हणून तिच्यावर नाव घालायचं नाही. गृहस्थाने सगळं ऐकून घेतलं. भिंतीला लागून उभ्या असलेल्या गठ्ठ्यांकडे, त्यांच्यावरच्या सगळ्या देवांकडे त्याने एकदा नजर टाकली आणि म्हणाला, "फिर मैं इत्ते सालां से क्या कर रहा हूं?" आम्हाला त्याने सूट दिली. कशाबद्दल ते आम्हाला कळलं नाही.

हे सगळं मी आनंदाने सांगतेय, कारण तेव्हा मी आनंदातच होते. मुलगा मला आवडलेला होता, ठाण्याचा होता, आमच्यातलाच होता, आणि स्वयंपाक येतो असं सांगत होता. काटा एकच होता. आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यानंतर दर शुक्रवारी संध्याकाळी मी दिवे लावायची, बेगम बाजारातून आणलेल्या काळ्या मनुकांचं सरबत बाबा पेल्यात ओतायचे, त्याच्यावर आशीर्वाद म्हणायचे आणि मी आमेन म्हणायची. दोन माणसांचा आमचा धर्म. आता मी ठाण्याला गेल्यावर बाबांच्या आशीर्वादाला आमेन म्हणायला या शहरात कोणी उरणार नव्हतं. ठाण्याला चला, असं मी शंभरदा म्हटलं. "मी इथे मस्त राहीन," असं ते म्हणत. त्या महिन्यात त्यांनी मस्त हा शब्द इतका वापरला की मला तो ऐकून रडू यायला लागलं. बाबा एकटे कसे राहतील, एवढीच एक गोष्ट मला खुपत होती, आणि ती बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

तर मेंदी. आमच्यात लग्नाआधी मेंदी लागतेच. नारायणगुड्याहून मेंदीवाली आपा आली. तिचा हात असा चालायचा की बघताना श्वास रोखला जावा. तिने मला सोफ्यावर बसवलं, समोर स्वतः बसली. माझ्या पाठीमागे पश्चिमेची भिंत होती. जेरुसलेम इथून पश्चिमेला, म्हणून प्रार्थनेची दिशा कळावी यासाठी त्या भिंतीवर आमची एक जुनी फ्रेम लावलेली आहे. भोवती सुंदर वेलबुट्टी, आणि मधोमध सोनेरी, ठसठशीत ती चार अक्षरं.

"क्या बनाऊं?" आपाने विचारलं.

मला वाटलं, मोर आणि कैऱ्या तर सगळ्यांच्याच हातावर असतात. मी मागे बोट केलं आणि म्हटलं, "वो फ्रेम में का डिझाईन उतारो ना."

मला वेलबुट्टी म्हणायची होती. पण भिंतीवर मध्यभागी सोन्याने रंगवलेलं ठळक काहीतरी असताना कोणती कलावंत काठावरची पानं उतरवेल? तिने आधी माझ्या डाव्या हातावर पानंफुलं काढली, मग उजवा घेतला. मी खाली बघायला हवं होतं. पण समोर स्टुलावर फोन उभा केला होता, आणि त्यात, आदल्या दिवशीच येऊन लग्नाच्या हॉलवर उतरलेला नवरा मुलगा शेरवानी घालून दाखवत होता. शेरवानी त्याला खांद्यात घट्ट होत होती आणि आम्ही दोघं त्यावर खिदळत होतो. अशा वेळी आपल्या तळहातावर कोण काय लिहितंय याकडे कुठल्या मुलीचं लक्ष असतं?

दुपार टळून गेली. दोन्ही हात भरलेले, म्हणून बाबा मला भरवायला बसले. खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा. लहानपणानंतर पहिल्यांदाच ते मला भरवत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं; घास कधी नाकाशी, कधी हनुवटीशी. एक घास तोंडाशी आला आणि तिथेच थांबला. मी आ करून बसलेली. बाबा माझ्या हाताकडे बघत होते.

"हे कोणी लिहिलं?"

मी खाली बघितलं. हिब्रू मला अडखळत वाचता येतं, पण ती चार अक्षरं ओळखायला वाचावं लागत नाही.

आपाला वाटलं, नक्षी पसंत पडली नाही. "कच्चाच है अभी, परेशान नक्को हो, मिटा देती," म्हणत तिने टिश्यू काढला आणि माझ्या हाताकडे झेपावली.

"नक्को!" बाबा ओरडले.

हैदराबादेत अर्धं आयुष्य काढून बाबांनी उच्चारलेला हा पहिला दखनी शब्द. पण काय उच्चारला! घास उडाला, खट्ट्याची वाटी कलंडली, फोनमधून नवरा मुलगा "काय झालं, काय झालं" करत राहिला, आणि मी दोन्ही हात वर करून पोलिसांनी पकडल्यासारखी उभी राहिले.

काय झालंय ते आपाला सांगितल्यावर ती बिचारी घाबरलीच. "तौबा! मेरेकू क्या मालूम, मैं तो सबसे खूबसूरत देखके उतारी. हमारे में बी पाक नामां ऐसे हाथां पे नक्को लिखते." ती रडायच्या बेतात आली तेव्हा बाबांनी तिला पाणी दिलं, बसवलं, आणि माझ्यासाठी केलेली खिचडी तिच्यापुढे ठेवली. "तुमची काही चूक नाही," ते म्हणाले. "फार सुंदर लिहिलंय." ते खरंच होतं. फ्रेमपेक्षा सुंदर होतं.

मग बाबांनी पुस्तकं काढली. आता मला सांगायला आनंद वाटतो, की हा प्रश्न जुन्या ग्रंथांत आहे. कोणाच्या अंगावर नाव लिहिलेलं असेल तर त्याने आंघोळ करू नये, तेल लावू नये, घाणीच्या जागी उभं राहू नये. बाबा बोट ठेवून वाचत होते आणि मला मात्र अनावर हसू येत होतं. म्हणजे माझ्या आधी हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी असाच हात वर करून उभा होता! आणि त्याच्याही घरी कोणीतरी बोट ठेवून वाचत होतं!

"हसतेस काय?" बाबा म्हणाले. "आता ही मेंदी वाळणार. वाळली की तू ती खरवडणार."

"मग? सगळेच खरवडतात."

"ती अक्षरं आहेत. खरवडायची नाहीत."

म्हणजे मेंदी आपली आपण पडली पाहिजे. आपण पाडली तर पुसल्याचं पाप, तिची ती पडली तर कोणाचंच काही नाही. बाबांनी पांढरी चादर अंथरली, मला तिच्यावर बसवलं आणि समोर चष्मा लावून, हातात टॉर्च घेऊन बसले. आपाही घरी जाईना. तिला बघायचं होतं. आम्ही तिघं माझ्या तळहाताकडे बघत होतो. बोटाच्या मुळाशी एक खपली हलली, उचलली गेली, आणि टुपकन चादरीवर पडली.

"गिरी!" आपा ओरडली.

त्यानंतर प्रत्येक खपलीला आम्ही टाळ्या वाजवल्या. मला तर वाजवता येत नव्हत्या, मी पाय आपटले. बाबांनी चादरीवरचा चुरा गोळा करून पुडी बांधली आणि पत्र्याच्या डब्यात ठेवली. खपल्यांखाली रंग असा चढला होता की आपा बघतच राहिली. "ऐसा रंग तो बरसां में नहीं देखी," ती म्हणाली आणि मग आपण काय बोललो हे आठवून पुन्हा कानाला हात लावला.

पण खरी पंचाईत पुढे होती. लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्याआधी नवरीने पाण्यात बुडी मारायची असते, पूर्ण, केसांसकट, आणि तेही नळाच्या पाण्यात नाही. झऱ्याचं किंवा पावसाचं साठलेलं पाणी लागतं. होणाऱ्या सासूबाईंचा त्याबाबत कडक आग्रह होता. बाबांच्या रेल्वेतल्या जुन्या सोबत्याची, नांदेडच्या काकांची, शहराबाहेर आमराई होती आणि तिच्यात जिवंत झऱ्यांची विहीर. सकाळी तिथे जायचं ठरलेलं होतं. बुडीचा नियम असा की अंग आणि पाणी यांच्यामध्ये काहीही येता कामा नये, चिंधीसुद्धा नाही. हात बांधून बुडी मारली तर बुडी खोटी. हात उघडा ठेवला तर नाव पाण्यात.

ठाण्याची बाकीची मंडळी संध्याकाळी येऊन पोचली. बाबांचा चेहरा मला आजही दिसतो. इतकी वर्षं त्यांना एकच धास्ती होती: ठाण्याचे लोक म्हणतील, हैदराबादेत राहून यांच्यात काही उरलं नाही. आणि नेमक्या आजच त्यांच्या लेकीच्या हातावर हे. त्यांनी माझा हात पांढऱ्या रुमालात बांधला आणि सासूबाईंना म्हणाले, "जरा भाजलंय." बाबांना खोटं बोलता येत नाही, ते बोलताना छताकडे बघतात.

"अगं बाई! बघू," सासूबाई म्हणाल्या. "तूप लावू."

"तूप नको!" बाबा आणि मी एकदमच ओरडलो.

त्यांनी रुमाल सोडलाच. बघितलं, पदर डोक्यावर घेतला, आणि हळूच म्हणाल्या, "व्याही, हे काय केलंत?"

बाबांनी सगळं सांगितलं. आपल्या रेल्वेच्या नोकरीपासून सांगायला लागले होते, मी थांबवून फ्रेमपासून सुरू करायला लावलं. ऐकून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चूक कोणाचीच नाही. पण बुडी तर मारावीच लागेल."

"या हाताला पाणी लागणार नाही," बाबा म्हणाले.

"बुडीशिवाय लग्न नाही."

"नाव पुसून लग्न नाही."

दोघंही अत्यंत आदराने बोलत होते आणि दोघंही तसूभर हलत नव्हते. मी दोघांच्या मधे हात पुढे धरून, भिक्षा मागायला उभी असल्यासारखी. हॉलवरून नवऱ्या मुलाचा फोन आला. त्याला हकीगत सांगितली तर म्हणाला, "मग मी शेरवानी सैल करायला टाकू की नको?" मला इतकं हसू आलं की सासूबाईंनी डोळे वटारले आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावला.

शेवटी लग्न लावायला येणाऱ्या हझानना, म्हणजे आमच्या प्रार्थना चालवणाऱ्या म्हाताऱ्या काकांना फोन लावायचं ठरलं. ते गाडीत बसलेले होते. गाडी नेमकी खंडाळ्याच्या घाटात, आणि तिथे बोगदे. स्पीकरवर आम्ही सगळे वाकलेलो. बाबांनी प्रश्न विचारला. बराच वेळ नुसती गाडीची खडखड. मग हझानकाका हसायला लागले. त्यांना आमच्याहून जास्त हसू येत होतं.

"अरे, याचं उत्तर आहे," ते म्हणाले. "मोठ्यांनी देऊन ठेवलंय. तिला म्हणावं उतर पाण्यात, उघड्या हाताने उतर. फक्त..."

बोगदा.

"फक्त काय?" बाबा.

"फक्त काय?" सासूबाई.

परत लावला. "हां, तर काय म्हणत होतो, उतरू दे तिला, फक्त एक लक्षात ठेवायचं, की..."

बोगदा. बाबांच्या कपाळावर घाम. आपा दारात उभी राहून काय चाललंय याचा अंदाज घेत तिच्या पद्धतीने काहीतरी पुटपुटत होती. ती अजून घरी गेलेलीच नव्हती. तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा काकांनी प्रस्तावना गाळली.

"चोळायचं नाही! फक्त चोळायचं नाही! पाणी त्याचं काम करेल, आपण आपल्या हाताने पुसायचं नाही. गेलं तर आपोआप गेलं, राहिलं तर राहिलं. कळलं का? मला आता वडापाव आलाय."

बाबा खुर्चीत बसले. सासूबाईंनीही एक खुर्ची ओढून घेतली. "व्याही," त्या म्हणाल्या, "आमच्या ठाण्यात एवढी मंडळी आहेत, पण नवरीच्या हातावरच्या मेंदीसाठी कोणी एवढा जीव टाकला नसता. साबण लावून मोकळे झाले असते." आत जाऊन बाबांनी सगळ्यांसाठी मनुकांचं सरबत केलं, आपासाठीसुद्धा, आणि साखर दुप्पट पडली.

सकाळी आम्ही आमराईत गेलो. विहिरीत मी आणि काठावर सासूबाई. पुरुषांना आंब्यांच्या पलीकडे पाठ करून उभं केलं होतं. पाणी इतकं गार होतं की मी किंचाळले.

"चोळलं नाहीस ना?" झाडांपलीकडून बाबांचा आवाज.

"अजून उतरलेसुद्धा नाही!"

बुडी मारून वर आले, श्वास घेतला.

"हात कसा ठेवलायस? उघडा ठेव! चोळू नकोस!"

तेवढ्यात नांदेडच्या काकांचा आवाज आला. "अरे, लेक न्हायलीय का पातेलं घासायलीय? कशाला इतकं ओरडायलास?"

सासूबाई काठावर बसून हसता हसता पुढे झुकल्या, आणि त्या विहिरीत पडतात की काय अशी भीती वाटून मीच त्यांना ओल्या हाताने मागे ढकललं. डाव्या हाताने. तिसरी बुडी मारून मी तळहात उन्हात धरला. चारही अक्षरं जागच्या जागी होती, उलट पाण्याने जास्तच उजळलेली. मी ओरडून सांगितलं. पलीकडून बाबांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

लग्न झालं. अंगठी उजव्या तर्जनीत घालतात; तळहाताला रुमाल, बोट मोकळं. शेरवानीची खांद्याची शिवण आशीर्वादाच्या मधोमध उसवली. बाबांनी आशीर्वाद दिला तेव्हा आमेन म्हणायला हॉल भरून माणसं होती, आणि मला सारखं वाटत होतं, की ही सगळी उद्या परत जाणार.

ठाण्यात माझे लाड झाले. हात धुवायचा नाही म्हटल्यावर भांडी नाहीत, कणीक नाही, मासे साफ करणं नाही. सासूबाईंनीच तसं जाहीर केलं. भांडी घासायला नवरा. तो रोज माझा हात दिव्याखाली धरून बारकाईने बघायचा आणि म्हणायचा, "मला वाटतं गेलंय." त्याला घरातून कोणी दाद देत नव्हतं.

आणि रोज संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. माझे बाबा फोन करणारे नव्हेत. मी चार दिवस कॉलेजच्या सहलीला गेले असताना त्यांनी एकदाच फोन केला होता, तोही गॅसच्या पासबुकाची जागा विचारायला. आता रोज. "आहे का?"

"आहे."

"चारही?"

"तीन स्पष्ट आहेत. एक जरा फिकं झालंय."

"चोळत नाहीस ना?"

"नाही हो."

मग हळूच, "पाऊस आहे का तिकडे? सासूबाई बऱ्या? काय जेवलीस?" एकदा तर त्यांनी खालच्या आंटींच्या मांजराला पिल्लं झाल्याचं सविस्तर सांगितलं, कोणतं कोणत्या रंगाचं इथपर्यंत. नाव हे निमित्त होतं, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. त्यांनाही कळलं असावं. आम्ही दोघांनी ते बोलून दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर लाजेने ते फोनच करायचे थांबले असते. मी तो हात जपत होते तो देवासाठी आणि बाबांसाठी, आणि यात पुढे कोण हे मला विचारू नका.

पण मेंदीच ती. एक एक अक्षर गेलं. शेवटचं बराच काळ तग धरून होतं, नुसती एक तांबूस रेघ. एक दिवस सकाळी खिडकीशी हात धरला तर तळहात नेहमीचा, रेषांचा.

संध्याकाळी फोन आला. "आहे का?"

"गेलं, बाबा."

"कोणी पुसलं नाही ना?"

"नाही. आपोआप गेलं."

"मग झालं," बाबा म्हणाले. "आता हात धू, बाई. नीट साबण लावून धू." आणि फोन ठेवला.

मी हात धुतला. कितीतरी दिवस मी त्या क्षणाची वाट बघत होते. गरम पाणी, भरपूर फेस, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. धुता धुता मला इतकं रडू आलं की नवरा भांडं टाकून धावत आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला नाही. मी चहा केला, भाजी निवडली, उगाच बाहेर जाऊन आले. सासूबाई म्हणाल्या, "तूच कर की." मी केला. अर्ध्या रिंगमध्ये उचलला गेला.

"मी करणारच होतो," बाबा म्हणाले. "पण आता विचारायचं काय, ते सुचेना."

"मग मी विचारते," मी म्हटलं. "जेवलात का?"

"नाही अजून," ते म्हणाले. "वाट बघत होतो."